सिस्टरच्या सहीमागचा कायदा

सोलापूरच्या डॉक्टरांची नावे घ्यायची तर सुरुवात द्वारकानाथ कोटणीसांपासून होते. 1938 साली ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. त्यांच्या पत्नी ग्वो चिंगलान तिथे परिचर्या शिकवत, याची चर्चा त्यामानाने कमीच होते. परिचारिका गौरवग्रंथांत क्वचित भेटतात. सरकारी नोंदवह्या आणि कोर्टाचे निकाल चाळले, की मात्र त्या ठळकपणे समोर येतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापूर हे गिरण्यांचे गाव होते. ‘जुनी गिरणी’, लक्ष्मी, विष्णू यांच्या भोंग्यांवर शहराचे घड्याळ चाले आणि खात्यांत बायकाही राबत. 1929 साली मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा केला, तेव्हा गिरणीतल्या बाळंतिणीला रजा आणि भत्ता मिळू लागला. पण तिचे बाळंतपण कोणी करायचे? बहुतेक ठिकाणी घरातच, वस्तीतल्या सुईणीच्या हातून. तिचा अनुभव दांडगा असे. चूक झाली तर जाब विचारायला जागा नसे.

ती जागा 1935 साली तयार झाली. परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा मुंबई प्रांताने त्या वर्षी केला. मद्रासने तो 1926 सालीच केला होता. प्रशिक्षण घ्या, नाव नोंदवा. गैरवर्तन सिद्ध झाले तर तेच नाव कमी होईल, असा हा साधा व्यवहार. 1947 साली देशभरच्या प्रशिक्षणाचा दर्जा ठरवण्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. 1949 सालच्या कायद्याने खासगी शुश्रूषागृहांनाही नोंदणी सक्तीची झाली. पुढे 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने राज्याची घडी बसवली.

नोंदणी झाली, तरी प्रत्यक्ष चुकीची किंमत कोण मोजणार हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर मराठवाड्यातल्या एका खटल्याने दिले.

सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले त्याच 1963 सालची ही गोष्ट. जुलै महिन्यात औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. ताप आणि वेदना थांबेनात, म्हणून पोट पुन्हा उघडले तर आत टॉवेल निघाला. काही दिवसांतच ती दगावली. दिवाणी न्यायालयाने 36,000 रुपयांची भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि निकाल लागला 1996 साली, तेहेतीस वर्षांनी. पोटात टॉवेल राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा, असे न्यायालयाने मानले. रुग्णालय चालवणे ही सरकारची कल्याणकारी सेवा आहे, तिथे राजसत्तेचे कवच पुढे करता येणार नाही, असेही बजावले. भरपाईचा बोजा सरकारवर पडला.

शस्त्रक्रियेला लागलेली प्रत्येक पट्टी, बोळा, टॉवेल टाके घालण्याआधी मोजून घ्यायचे काम थिएटरमधली सिस्टर करते. आकडा जुळला नाही तर सर्जनला थांबवणे हे तिचे कर्तव्यच. घाई कितीही असो.

खोडवा निकालानंतर दोन वर्षांनी दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. लहान मुलाला परिचारिकेने शिरेतून चुकीचे इंजेक्शन दिले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. तिचे नाव कोणत्याही राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदलेले नव्हते. रुग्णालयाला मुलासाठी 12.5 लाख आणि आईवडिलांसाठी 5 लाख रुपये मोजावे लागले. कमी पगारावर बिननोंदणीची ‘सिस्टर’ उभी करणाऱ्या प्रत्येक मालकासाठी हा निकाल होता.

पण परिचारिकेची नीती कायद्याच्या धाकापुरती नसते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. सहकारी परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. भरवणे, कूस बदलणे, अंग पुसणे चालू राहिले. 2011 साली दयामरणाच्या याचिकेवर सुनावणी झाली, तेव्हा इतक्या वर्षांत अंगाला एकही शय्याव्रण झालेला नाही, ही बाब न्यायालयापुढे आली. याचिका फेटाळली गेली. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा हक्क याचिकाकर्तीपेक्षा केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असे न्यायालयाने ठरवले. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने वारल्या. ज्या परिचारिकेने इतरांची शुश्रूषा करायची, तिच्याच सुरक्षिततेचा प्रश्न या घटनेने उघडा केला. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसा रोखणारा राज्याचा कायदा यायला मात्र 2010 उजाडले.

2023 साली संसदेने 1947 चा जुना कायदा बदलून राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला. नोंदवही आणि गैरवर्तनाची चौकशी याही कायद्याच्या केंद्रस्थानी आहेत. एका पाळीत किती रुग्ण एकीच्या माथी मारले जातात, यावर तिची चूक बरीचशी अवलंबून असते. जाब विचारताना तो हिशेबही मांडला गेला पाहिजे. आणि आपला माणूस सोलापुरात असो वा आणखी कुठे, खासगी दवाखान्यात दाखल करताना खाटेच्या भाड्याबरोबर रात्रपाळीची सिस्टर नोंदणीकृत आहे का, हेही नातेवाइकांनी जरूर विचारावे.