दारू सोडवताना घरात कोंडू नका : बेगम बाजारातील मराठी कुटुंबांसाठी माहिती

बेगम बाजार (हैदराबाद) : भांडी, मसाले, सुकामेव्याच्या या घाऊक पेठेत मराठवाड्यातून खरेदीला आणि कामाला येणारी माणसं बरीच. घरचा कर्ता माणूस दारूच्या आहारी गेला की 'गावी न्या, खोलीत कोंडा, आपोआप सुटेल' असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

पहिला आठवडा शरीराचा
रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास होतात, माणूस बरळतो. हा 'डिलिरियम ट्रेमेन्स' वेळेवर उपचार न झाल्यास प्राणघातक ठरतो. दवाखान्यात शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, सोबत थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व देतात.

ताडी पीत असल्यास सांगा
तेलंगणात भेसळीच्या ताडीत (कल्लू) डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोरल हायड्रेट सापडलेलं आहे. 2015 मध्ये भेसळीवर कारवाई झाली, तेव्हा ताडी तुटल्यानं त्रास होणाऱ्यांची निजामाबाद, महबूबनगर भागातील दवाखान्यांत गर्दी झाली होती. त्यामुळे 'फक्त ताडीच घेतो' म्हणून डॉक्टरांपासून लपवू नये.

कुठे जायचं?
एरागड्डा इथे सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकातून मियापूरकडे जाणारी मेट्रो थेट एरागड्डाला जाते. फिट आली, शुद्ध हरपली तर मात्र जवळचं उस्मानिया रुग्णालय गाठावं.

पुढचे आठवडे मनाचे
औषधाला भाषा लागत नाही, समुपदेशनाला लागते. लाज, कर्ज, बायकोवर उचललेला हात हे मोडक्यातोडक्या हिंदीत बोलता येत नाही. मराठीतून निवासी उपचारांसाठी पुण्याचं 'मुक्तांगण' जुनं केंद्र. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं ते सुरू केलं. गटचर्चा, समुपदेशन, कुटुंबीयांशी बोलणं आणि नंतरचा पाठपुरावा यांवर तिथे भर असतो.

मारझोड बेकायदा
2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून येणारे मानसिक त्रासही येतात. रुग्णाला साखळीनं बांधण्यास त्यात मनाई आहे. भेटू न देणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रात माणूस ठेवू नये.

घरी परतल्यावर
खरी परीक्षा तीच ठेला, तोच पगाराचा दिवस, तेच दोस्त. पुन्हा प्यायला तर उपचार वाया गेले असं नाही. लगेच परत न्यावं. दारू सोडवण्याची गोळी (डायसल्फिराम) जेवणात लपवून मुळीच देऊ नये. त्यावर दारू पोटात गेली तर जीव धोक्यात येतो.

फोनवर मदत : व्यसनमुक्तीसाठी 14446, मानसिक आरोग्यासाठी 'टेली मानस' 14416, इथे मराठीतही बोलता येतं.