बेटावरचा समर कॅम्प आणि आपली गच्ची

मे महिना जवळ आला की आपल्या नोटीस बोर्डावर ‘समर कॅम्प’ची सूचना लागते. पण मुळात ही कल्पना आली कुठून? त्यासाठी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या स्क्वॅम तळ्यावर जावं लागतं. ‘ऑन गोल्डन पाँड’ हा १९८१ सालचा सिनेमा काहींनी पाहिला असेल, त्यातलं तळं हेच. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

तेव्हा तिकडची श्रीमंत कुटुंबं उन्हाळाभर थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलात मुक्काम टाकायची. हाताशी नोकरचाकर, त्यामुळे मुलांना काही कामच नाही. डार्टमथ कॉलेजात शिकणाऱ्या अर्नेस्ट बाल्च या तरुणाला हे खटकलं. १८८१ मध्ये मोजकी मुलं घेऊन तो या तळ्यातल्या एका छोट्या बेटावर गेला. कॅम्पचं नाव चोकोरुआ. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या समर कॅम्पपैकी हा एक.

पोहणं, होडी वल्हवणं तर होतंच. पण मुख्य नियम असा, की इथे नोकर नाही. स्वयंपाक, भांडी, साफसफाई सगळं पाळीपाळीनं मुलांनीच करायचं. जास्तीचे पैसे हवेत? कॅम्पमधलं एखादं काम अंगावर घ्या आणि कमवा. त्यासाठी कॅम्पची स्वतःची बँक होती, मुलं चेकसुद्धा लिहायची!

१८८९ मध्ये हा कॅम्प बंद पडला. जेमतेम नऊ उन्हाळे. पण कल्पना टिकली. १८८५ मध्ये वायएमसीए चळवळीतून सुरू झालेला कॅम्प डडली आजही शॅम्प्लेन तळ्याकाठी भरतो. पुढे मुलींचे आणि अख्ख्या कुटुंबांचेही कॅम्प निघाले. चोकोरुआच्या बेटावर मुलांनी झाडांखाली सुरू केलेली रविवारची प्रार्थना अजून उन्हाळ्यात होते. कुटुंबं होड्यांतून येतात.

आता आपल्याकडे वळू. सोसायटीचा पहिला कॅम्प गच्चीवर झाला, तेव्हा चटया मुलांनीच वर नेल्या होत्या. कांदे चिरताना रडारड झाली, भेळ तिखटजाळ झाली, भांडी घासताना निम्मी मुलं भिजली. अलीकडे आपण कॅम्प बाहेर देतो. मीटिंगमध्ये त्या ठरावाला मीही हात वर केला होता, उगाच कशाला लपवू! टी-शर्ट छान असतात, फोटोही छान येतात. पण गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी कागदी प्लेटा गच्चीवर तशाच पडून राहिल्या. संध्याकाळी वॉचमनकाकांनी एकट्यानं गोळा केल्या.

आपल्याकडे तळं नाही, बेट नाही. गच्ची आहे, नळ आहे, आणि पंचवीस वर्षांचा शेजार आहे. येत्या मे महिन्यात चोकोरुआचा तेवढा एक नियम उचलू या का? आपली ताटं आपण घासायची. मोठ्यांनीसुद्धा!