पेट्रोव्ह बचाव : सहा चालींतील पराभव

मुंबई - अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील शाळांच्या सभागृहांत रविवारी जलद बुद्धिबळ स्पर्धा रंगतात. अशा स्पर्धांत हौशी खेळाडूला पेट्रोव्ह बचाव सोपा वाटणे स्वाभाविक आहे. पांढऱ्याची नक्कल करायची, मग चुकणार कुठे? पण चूक नेमकी तिथेच होते.

१९ व्या शतकातील रशियन खेळाडू अलेक्झांडर पेट्रोव्ह यांच्या नावाची ही सुरुवात अशी : १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६. पांढऱ्याने ई५ वरील प्यादे मारले की लगेच ई४ चे प्यादे मारण्याचा मोह होतो. त्यावर पांढरा वजीर ई२ वर आणतो. घाबरून काळा घोडा एफ६ वर परतला, तर पांढरा घोडा सी६ वर उडी घेतो. राजाला वजिराचा शह बसतो, आणि काळा वजीर हातचा जातो. म्हणून आधी ३... डी६ खेळून घोडा हाकलायचा आणि मगच प्यादे घ्यायचे.

हे पथ्य पाळूनही घात होऊ शकतो. १९८८ मध्ये बीएल येथे कोलंबियाच्या अलोन्सो झपाटाविरुद्ध विश्वनाथन आनंदने ४. घोडा एफ३ घोडा मारतो ई४ ५. घोडा सी३ यानंतर उंट एफ५ ही चाल केली. आदल्या वर्षी ख्रिस्टियनसनने माइल्सविरुद्ध तीच चाल खेळून डाव बरोबरीत सोडवला होता. झपाटाने वजीर ई२ वर ठेवला. राजासमोर जखडलेला घोडा वाचेना, ६... डी५ ला ७. डी३ हे उत्तर होते, तर ६... वजीर ई७ ला ७. घोडा डी५. आनंदने तिथेच डाव सोडला. त्याच वर्षी तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, हे विशेष.

याच बचावातील एक धाडसी शाखा भारतात खेळली गेली. १८४८ मध्ये कोलकात्यात जॉन कॉक्रेन यांनी महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याविरुद्ध ४. घोडा मारतो एफ७ खेळून घोडा बहाल केला. बदल्यात दोन प्यादी मिळतात आणि काळ्याच्या राजाचा किल्लेकोट कायमचा हुकतो. १९९९ मध्ये लिनारेसला टोपालोव्हने क्रॅमनिकविरुद्ध हाच बळी दिला. डाव बरोबरीत सुटला. घड्याळात मोजकीच मिनिटे उरली असताना असा उघडा राजा सांभाळणे मात्र काळ्याला अवघडच जाते.