37 वर्षं टिकलेला विक्रम आणि आपली भरतीवाली पोरं



1981 साली गोपाल सैनी यांनी 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 30.88 सेकंदात पूर्ण केली. हा राष्ट्रीय विक्रम पुढची 37 वर्षं कोणालाच मोडता आला नाही. तेवढ्या काळात देशात किती सरकारं आली आणि गेली!

स्टीपलचेस म्हणजे नुसती धाव नाही. सुमारे साडेसात फेऱ्या, 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. हे अडथळे हर्डलसारखे पाय लागला की पडत नाहीत. पाय लागला तर आपणच पडतो.

2018 मध्ये भुवनेश्वरला हा विक्रम मोडला तो बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने. वेळ 8:29.80. आईवडील शेती करायचे, वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर, जायला गाडी नाही, म्हणून पोरगं कधी चालत तर कधी पळत जायचं. बारावीनंतर तो लष्करात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. 2015 मध्ये लष्कराच्या क्रॉस कंट्रीत उतरला. 2017 मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. म्हणजे ज्या प्रकारात त्याने इतिहास घडवला, तो त्याच्या वाट्याला आला बावीस-तेविसाव्या वर्षी!

पुढचं तर अजून भारी आहे. 2019 ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत, पहिल्या फेरीत दुसरे धावपटू पडले आणि हा त्यांच्यात अडकला. तरी नवा विक्रम केला. अपील झालं, अंतिम फेरीत जागा मिळाली आणि तिथे परत विक्रम. 2021 ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये 8:18.12 धावला, तरी अंतिम फेरी हुकली. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. सुवर्ण फक्त 0.05 सेकंदाने गेलं. या रौप्याची किंमत समजून घ्या: 1998 ते 2018, सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या प्रकारातली तिन्ही पदकं केनियाने नेली होती. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91. सहा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विक्रम मोडून त्याने सैनींची वेळ जवळपास 21 सेकंदांनी खाली आणली. लगेच पुढच्या महिन्यात तो ऑलिम्पिक अंतिम फेरीत धावला. स्टीपलचेसमध्ये तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

आता आपल्याकडे या. मेहरूण तलावाच्या रस्त्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. अंधारात पोरं पळत असतात, पोरीही असतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी. मुलांचं लक्ष्य 1600 मीटर, मुलींचं 800. भरती झाली की पळणं थांबतं, वय निघून गेलं तरी थांबतं. त्यांच्यातलं कोण 3000 किंवा 5000 मीटरला चांगलं निघालं असतं, हे कोणी बघतच नाही. पळायचं ते नोकरीपुरतं.

यात पोरांची चूक नाही. घरची परिस्थिती असते, नोकरी आधी लागते. साबळेलाही आधी नोकरीच लागली होती. फरक एवढाच, की नोकरी लागल्यावर त्याच्याकडे बघणारा माणूस भेटला. मला हेच खटकतं. हा माणूस भेटायला भरती व्हावं लागावं का? आणि ज्यांची भरती होत नाही, त्यांचं काय?

सिंथेटिक ट्रॅक, अकादमी हे मागत राहूच. पण महिन्यातून एका रविवारी तीन किलोमीटरची वेळ घ्यायला काय लागतं? एक मोजलेला रस्ता, एक मोबाईल, एक वही आणि पीटी शिकवलेले एखादे निवृत्त सर. वहीत नाव, वय, वेळ लिहायची. तीन-चार महिन्यांत ज्यांची वेळ सतत खाली येते, ती पोरं कळतील. त्यांना जिल्हा निवड चाचणीला न्यायचं.

वही मी आणतो. सर कोण देतंय, ते सांगा.