मटण स्ट्रीटवरचा जुना माल

मटण स्ट्रीट ही मुंबईच्या चोरबाजारातली जुने फर्निचर, दिवे आणि तसबिरी विकणारी गल्ली. तिथली दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. नावामुळे सगळाच माल चोरीचा असल्याचा समज पसरला. प्रत्यक्षात बराचसा माल घर पाडताना, वाटणी होताना किंवा बिऱ्हाड हलवताना जुन्या बाजारवाल्यांच्या हाती लागलेला.

त्यात सर्वांत जड सामान शिसवीचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे सुतार युरोपीय घाटाचे कोच, टेबले आणि कपाटे शिसवीत करत आणि बोटभर जागाही मोकळी न सोडता त्यांवर वेलबुट्टी कोरत. साहेबांच्या बंगल्यांत आणि सधन पारशी घरांत ते असे. आजच्या नजरेला ही कलाकुसर अंमळ जास्तच वाटते. धूळ पुसणाऱ्याला तर खासच.

हंड्या-झुंबरांची सद्दी विजेने संपवली. 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि घरोघरी दिवे येऊ लागले, तशा मेणबत्तीच्या, तेलाच्या काचेच्या हंड्या माळ्यावर गेल्या. पुढे विकल्या गेलेल्या अनेकींत वायर मागाहून ओवलेली दिसते.

1937 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. गोलसर कोपऱ्यांचे, कोरीवकाम नसलेले आर्ट डेको फर्निचर तेव्हा नवलाईचे होते. काही दशकांनी तेही याच गल्लीत आले. संस्थाने विलीन झाली, 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि त्यांच्याकडचे सामान विक्रीला निघाले. वाडे आणि बंगले पाडून फ्लॅट उभे राहिले. पितळी कड्यांचा झोपाळा फ्लॅटच्या दिवाणखान्यात टांगायला जागा उरली नाही. चित्रपटांच्या सेटसाठी भाड्याने सामान नेणारे मात्र या दुकानांचे कायमचे गिऱ्हाईक झाले.

1972 च्या पुरावशेष कायद्याने 100 वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठवण्यास खासगी विक्रेत्यांना मनाई केली आणि अशा वस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागू लागला.

तसबिरींत मागणी रविवर्मा प्रेसच्या शिळाछापांना. हा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर लोक घरी जर आणि टिकल्या चिकटवत; अशा सजवलेल्या प्रतीही बाजारात येतात. नकलाही पुष्कळ. भिंग धरले की नव्या ऑफसेट छपाईत ठिपके सरळ रांगेत, सारख्या अंतरावर दिसतात, तर जुन्या शिळाछापातले ठिपके हाताने टिपलेले, लहानमोठे असतात. फर्निचरची पारख खणाखाली होते. जुन्या खणाची मागची फळी हाताने रंधलेली, किंचित उंचसखल लागते. नवे सागवान पॉलिशने काळे करून जुने म्हणून विकले जाते, तेव्हा रंग सहसा दर्शनी बाजूलाच दिलेला असतो.