आर्कराइटचें पेटंट

इंग्लंडांत १६२४ च्या कायद्यानें नव्या शोधासच पेटंट मिळे. रिचर्ड आर्कराइट या धनाढ्य गिरणीवाल्याचें सूतयंत्रांवरील १७७५ चें पेटंट याच कसोटीवर १७८५ च्या जूनमध्यें लंडनच्या न्यायालयांत तपासलें गेलें. मागाच्या फण्या करणारा टॉमस हाइज साक्षीस उभा राहिला. रुळांनीं सूत ओढण्याची युक्ति आपण १७६७ मध्येंच योजिली, असें तो म्हणाला. त्याचा नमुना घडविणारा घड्याळजी जॉन के यानें तर ती आर्कराइटला आपणच सांगितल्याची कबुली दिली! वर्णनहि संदिग्ध ठरलें. पेटंट रद्द झालें. खरें पाहतां हाइजहि पहिला नव्हे. लुइस पॉल यानें रुळांचें पेटंट १७३८ सालींच घेतलें होतें. यंत्रें सर्वांना मोकळीं झालीं. हाइजच्या हातीं मात्र कांहीं पडलें नाहीं, आणि १७८६ मध्यें आर्कराइट ‘सर’ झाला.