लॉरीच्या गिअरची गोष्ट

कोल्हापुरांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गुळाची लॉरी आहे. क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा दुखूं लागला. "गुरुजी, हातगिअर काढून आपोआप बदलणारा बसवूं काय?" असें त्यानें विचारलें. मी पडलों इतिहासाचा शिक्षक. उत्तरहि तेथेंच शोधलें.

१८९१ सालीं फ्रान्समध्यें लेव्हासोर यानें दांत्यांचीं चाकें सरकवून वेग बदलण्याची रीत मोटारीस दिली. चाकें करकरत, पण शक्ति फारशी वाया जात नसे. पुढें अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९४० च्या ओल्डस्मोबील गाडीसाठीं 'हायड्रामॅटिक' काढला. त्यांत इंजिनाचा जोर तेलामार्फत जाई. डावा पाय सुटला. मात्र तेल तापे आणि इंधनाचा कांहीं अंश उष्णतेंतच जाई. तेलाला वगळून जोर थेट पोंचविणारा क्लच आल्यावर ही उणीव पुष्कळ भरून निघाली.

परंतु हें सारें त्या मापाच्या गाडींत. जुन्या सांगाड्यांत तो गिअर बसवावयाचा तर शाफ्ट तोडावा लागतो, तेल थंड करणारी जाळी निराळी लागते. शिवाय त्याची वाट गगनबावड्याची; भरल्या लॉरीनें करूळ घाट उतरतांना खालच्या गिअरांत इंजिनच गाडीला आवरतें, आणि त्या गिअरवर त्याचा हात बसलेला. गूळ वाहून हा खर्च कधीं फिटावा?

त्यानें झिजलेले दांते तेवढे बदलून घेतले. गुडघा अजून दुखतो.